झिणझिण्या देणारा जुना फ्रिज आणि चौथ्या वर्षी बंद पडलेले वॉशिंग मशीन

प्रश्न : आमच्याकडे सासूबाईंनी 1988 साली घेतलेला फ्रिज अजून चालू आहे. आजवर त्याचा थर्मोस्टॅट एकदा आणि दाराचे रबर दोनदा बदलले, एवढाच काय तो खर्च. याउलट चार वर्षांपूर्वी घेतलेले वॉशिंग मशीन मागच्या महिन्यात एकाएकी बंद पडले. कंपनीचा माणूस आला, पाच मिनिटे पाहून म्हणाला, "कार्ड, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेले आहे. कार्डाच्या किमतीत थोडी भर घातली तर नवीनच मशीन येईल." सासूबाईंचे म्हणणे असे की पूर्वीच्या वस्तू टिकण्यासाठी बनवत आणि आताच्या मुद्दाम बिघडण्यासाठी बनवतात. मुलाचे म्हणणे असे की जुना फ्रिज वीज खातो आणि त्याच काळातल्या मिक्सरमधून ठिणग्या दिसतात, तेव्हा मशीनबरोबर तेही भंगारात द्यावेत. फ्रिज ओल्या हाताने उघडला की कधीकधी झिणझिण्या येतात, पण त्याची आता सवय झाली आहे. कोणाचे खरे मानावे, आणि नवीन घ्यायचे झाले तर टिकाऊ वस्तू ओळखायची कशी?

उत्तर : तुमच्या पत्रातले जे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, तिथूनच मला सुरुवात करावी लागेल. झिणझिण्यांची सवय होऊ देऊ नका. हे उत्तर वाचून होताच फ्रिजचे बटण बंद करा, प्लग काढा, आतले सामान दुसरीकडे हलवा आणि इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय तो पुन्हा लावू नका. हाताला झिणझिण्या येतात याचा अर्थ तिथे एक नव्हे, दोन दोष आहेत. पहिला असा की फ्रिजच्या आत कुठेतरी, बहुधा कॉम्प्रेसरच्या मोटरच्या तारांच्या वेटोळ्यांत (वाइंडिंगमध्ये) किंवा थर्मोस्टॅटकडे जाणाऱ्या वायरींमध्ये, वीज अडवणारे आवरण म्हणजे इन्सुलेशन जीर्ण होऊन वीज पत्र्यापर्यंत झिरपते आहे. दुसरा असा की ती झिरपलेली वीज जमिनीत वाहून नेण्याचे काम ज्या अर्थिंगचे, ते तुटलेले आहे किंवा मुळात जोडलेलेच नाही. कारण अर्थिंग धड असते तर तुमच्या हातापर्यंत काही पोहोचलेच नसते. आज ही गळती थोडी आहे म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. ती किती वाढेल आणि कोणत्या दिवशी वाढेल हे कोणालाही सांगता येत नाही. इलेक्ट्रिशियनला मेगर (इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजणारे यंत्र) घेऊन यायला सांगा, इन्सुलेशन आणि त्या सॉकेटचे अर्थिंग अशी दोन्ही तपासणी करून घ्या, आणि घराच्या मुख्य बोर्डात 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी नसेल तर तोही बसवून घ्या. एवढ्या गळतीला वीजपुरवठा आपोआप तोडणारे हे साधन तुमच्या फ्रिजच्या जन्माच्या वेळी बहुतेक घरांत नव्हते.

आता मूळ वादाकडे येऊ. सासूबाई आणि तुमचा मुलगा, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघेही वस्तूच्या वयावरून निकाल देत आहेत आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. वस्तू टिकेल की नाही हे तिच्या वयावरून ठरत नाही. तिच्यातला कोणता भाग आधी झिजणार आहे आणि त्या भागापर्यंत माणसाचा हात पोहोचतो की नाही, यावरून ठरते.

सासूबाईंचा फ्रिज इतकी वर्षे चालला हे खरे. परंतु त्याच वर्षी त्याच कारखान्यातून बाहेर पडलेले बाकीचे फ्रिज आज कुठे आहेत, हेही विचारायला हवे. त्यांतले बहुसंख्य केव्हाच गंजले, गॅस गळून निकामी झाले किंवा कॉम्प्रेसर जळाल्यावर भंगारात गेले. गेलेल्या वस्तू डोळ्यांसमोर राहत नाहीत, उरलेली एखादी मात्र रोज स्वयंपाकघरात दिसते, आणि तिच्यावरून आपण साऱ्या पिढीला प्रमाणपत्र देऊन टाकतो. याला एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेत लिव्हरमोर या गावच्या अग्निशमन केंद्रात 1901 पासून जळत असलेला एक विजेचा दिवा आहे, आणि 'पूर्वीच्या वस्तू पाहा' असे म्हणताना तो हमखास पुढे केला जातो. त्याची कार्बनची जाड तार इतकी कमी तापते की त्याचा उजेड रात्री लावून ठेवायच्या दिव्याइतकाच पडतो. शिवाय तो क्वचितच बंद केला जात असल्याने तापण्या-निवण्याचा ताणही तारेवर येत नाही. तो टिकला हे कौतुकाचेच आहे, पण त्या उजेडात कोणाला वाचता येणार नाही.

तरीही 'हा केवळ डोळ्यांचा भ्रम आहे' असे सांगून मी सासूबाईंना वाटेला लावणार नाही, कारण काही गोष्टी खरोखर बदलल्या आहेत. जर्मनीच्या पर्यावरण संस्थेने करून घेतलेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की बिघाडामुळे पहिल्या पाच वर्षांतच बदलाव्या लागलेल्या मोठ्या घरगुती उपकरणांचे प्रमाण 2004 मध्ये 3.5 टक्के होते आणि 2012 पर्यंत ते 8.3 टक्क्यांवर गेले. लवकर मरणाऱ्या यंत्रांचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले, आणि तुमचे वॉशिंग मशीन याच गटात मोडते. मात्र त्याच अभ्यासातले आणखी दोन निष्कर्ष सासूबाईंना वाचून दाखवा. मोठ्या उपकरणांच्या वापराचा सरासरी काळ त्या अवधीत 14.1 वर्षांवरून 13 वर्षांवर आला, म्हणजे घट झाली, पण ती साधारण वर्षभराची. आणि बदललेल्या उपकरणांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश बदलली त्या दिवशी चालू स्थितीत होती. यंत्राने आपल्याला सोडण्याआधी आपणच यंत्राला सोडतो, असेही पुष्कळदा घडते.

'मुद्दाम बिघडण्यासाठी बनवतात' या आरोपाला इतिहासात आधार नाही असे नाही. 1924 च्या डिसेंबरमध्ये जिनिव्हात जगातल्या मोठ्या बल्ब-उत्पादकांनी फिबस या नावाने एक संघटना स्थापन केली आणि साध्या बल्बचे आयुष्य 1,000 तासांवर आणण्याचे ठरवले. त्याआधी 1,500 ते 2,000 तास चालणारे बल्ब मिळत होते. ज्या कारखान्याचे बल्ब ठरल्यापेक्षा जास्त काळ चालत, त्याला दंड भरावा लागे. बल्बची तार जितकी जास्त तापवावी तितका उजेड शुभ्र आणि वीज कमी, पण आयुष्य तोकडे, अशी तांत्रिक बाजू या प्रकरणाला होती हे खरे. पण त्यासाठी दंडाची गरज काय होती, हा प्रश्न उरतोच. पुढे 1954 मध्ये ब्रूक्स स्टीव्हन्स या अमेरिकन डिझायनरने 'नियोजित कालबाह्यता' हा शब्दप्रयोग लोकप्रिय केला, पण त्याला यंत्र बिघडवायचे नव्हते. गरज पडण्याआधीच थोडे नवे, थोडे बरे घ्यावेसे वाटावे, ही इच्छा त्याला ग्राहकाच्या मनात पेरायची होती. आजच्या घरगुती यंत्रांच्या बाबतीत मात्र, ठरावीक तारखेला बंद पडावे म्हणून आत काही दडवलेले असते, असा पुरावा वर सांगितलेल्या अभ्यासातही मिळाला नाही. जे घडते ते यापेक्षा साधे आहे, आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. हजारो बारीक निर्णय घेतले जातात, त्यांतला प्रत्येक थोडे पैसे वाचवणारा असतो, आणि त्यांची बेरीज यंत्राच्या आयुष्यातून वजा होते.

तुमच्या मशीनच्या 'कार्डा'वर हे कसे दिसते ते सांगतो, कारण टिकाऊपणाचा प्रश्न बराचसा त्या हाताएवढ्या पाटीत सामावलेला आहे. कार्डावर बॅटरीच्या लहान सेलसारखे दिसणारे, उभे गोल डबे असतात. ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज काही काळ साठवून ठेवणारे भाग. त्यांच्या आत कागदात मुरवलेले द्रव असते आणि उष्णतेने ते वर्षानुवर्षे हळूहळू उडून जाते. अशा कपॅसिटरवर पुष्कळदा '105 अंश' असे तापमान छापलेले असते आणि स्वस्तातल्या मालाला त्या तापमानावर 2,000 तासांचे आयुष्य दिलेले असते. तापमान दर 10 अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. त्यामुळे तोच डबा 65 अंशांवर राहिला तर 2,000 चे 32,000 तास होतात, म्हणजे अखंड चालू असेल तर साडेतीन वर्षांहून थोडे अधिक; 55 अंशांवर राहिला तर 64,000 तास, म्हणजे सात वर्षांच्या पुढे. कार्ड मोटरच्या किंवा हीटरच्या शेजारी कोंदट जागी बसवले की दोन बोटे अंतर ठेवून बसवले, एवढ्या फरकाने यंत्राचे आयुष्य अर्धे किंवा दुप्पट होऊ शकते. आणि आपण जेव्हा मशीन न चालवताही त्याचे बटण दिवसरात्र चालू ठेवतो, तेव्हा कार्डाचा काही भाग जागाच राहतो व त्याचे तास मोजले जात असतात.

सासूबाईंच्या फ्रिजमध्ये हे कार्डच नाही, आणि तो टिकण्याचे पहिले कारण हेच. त्याच्यात विचार करणारी वस्तू एकच, ती म्हणजे थर्मोस्टॅट. आणि तोही गॅस भरलेली बारीक नळी, एक पडदा आणि एक स्विच यांचा बनलेला. दुसरे कारण कॉम्प्रेसर. घट्ट वेल्ड केलेल्या लोखंडी गोळ्यात मोटर आणि पंप दोन्ही बंद असतात आणि त्यांना लागणारे तेलही आतच फिरत राहते, मोटरला कार्बन ब्रश (फिरत्या भागावर घासत त्याला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) नसतात, बाहेर येणारा दांडा नसतो, म्हणून तेल किंवा गॅस गळण्याची वाटही नसते. धूळ नाही, ओल नाही. ही रचना जगभरातल्या फ्रिजमध्ये तेव्हाही तशीच होती आणि तत्त्वतः आजही तशीच आहे. म्हणून चांगला नवा फ्रिजही पंधरा-वीस वर्षे चालू शकतो, आणि चालत नाही तेव्हा पुष्कळदा कार्ड, पंखा किंवा सेन्सर गेलेला असतो. कॉम्प्रेसर आत ठणठणीत असतो.

वॉशिंग मशीनची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे कामच बदलले. मिनिटाला 600 फेरे मारणाऱ्या ड्रमऐवजी आज 1,200 फेरे मारणारा ड्रम असतो. फेरे दुप्पट झाले की बाहेर खेचणारे बल चौपट होते. ते सारे बल ड्रमचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगवर आणि ड्रमला मागून धरणाऱ्या तीन पायांच्या ॲल्युमिनिअमच्या आधारावर येते. कपडे लवकर वाळतात, पण झीजही त्या हिशेबाने होते. त्यात भर अशी की थंड पाणी आणि जास्त साबण यांमुळे त्या ॲल्युमिनिअमवर पांढुरका चिकट थर बसून ते आतून खात जाते. आणि सर्वांत वाईट निर्णय मी मानतो तो हा की, अनेक मशीनमध्ये बाहेरचा प्लॅस्टिकचा टब दोन अर्धे वेल्ड करून कायमचा बंद केलेला असतो. बेअरिंग हा मुठीत मावणारा, तुलनेने स्वस्त सुटा भाग. पण तो बदलायला टब उघडता येत नाही म्हणून अख्खा टब-ड्रम संच बदलावा लागतो, आणि त्या खर्चात नवे मशीन येते. स्क्रूंच्या जागी वेल्ड आले की वस्तूच्या मृत्युपत्रावर कारखान्यातच सही होते.

म्हणून वॉशिंग मशीनबद्दल माझा सल्ला स्पष्ट आहे : ते अजून टाकू नका. 'कार्ड गेले' हे निदान पाच मिनिटांत होते, कारण कंपनीच्या माणसाला कार्ड दुरुस्त करण्याची मुभा नसते, ते फक्त बदलायचे असते. त्याचा वैयक्तिक दोष त्यात काही नाही. तुम्ही स्वतंत्रपणे काम करणाऱ्या, कार्डावरचे सुटे भाग बदलणाऱ्या तंत्रज्ञाला ते दाखवा. मशीन एकाएकी, एकही दिवा न लागता बंद पडले असेल तर दोष बहुधा कार्डाच्या वीजपुरवठ्याच्या कोपऱ्यात असतो : फ्यूज उडालेला, विजेचा झटका स्वतःवर झेलून काळा पडलेला व्हॅरिस्टर, माथा फुगलेला कपॅसिटर, किंवा सुपारीएवढी छोटी स्विचिंग चिप. फुगलेला कपॅसिटर कोणालाही ओळखू येतो. त्याच्या माथ्यावर कोरलेली फुली सपाट असायला हवी. ती फुगून वर आली असेल, तिच्या फटीतून तपकिरी डाग उतरला असेल, तर त्याचे आयुष्य संपले. मात्र हे पाहण्यासाठी स्वतः मशीन उघडू नका, कारण प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज काही काळ साठून राहते. काही कंपन्या ओल आणि किडे यांपासून वाचवण्यासाठी अख्खे कार्ड पारदर्शक जेलमध्ये बुडवतात. तसे असेल तर दुरुस्ती किचकट होते, पण अशक्य होत नाही. तंत्रज्ञाला आणखी दोन गोष्टी पाहायला सांगा. ड्रम हाताने फिरवल्यावर घरघर येते का, आणि तो धरून वरखाली हलवल्यावर आधारापासून सुटा हलतो का. ही दोन्ही लक्षणे नसतील तर कार्डावर खर्च करणे योग्य आहे. असतील, आणि टब वेल्ड केलेला असेल, तर त्या मशीनवर पैसे घालवू नका. दुरुस्त झाल्यावर साबण मोजून घाला, महिन्यातून एकदा रिकामे मशीन गरम पाण्यावर चालवा, धुणे झाल्यावर दार उघडे ठेवा आणि भिंतीवरचे बटण बंद करा.

फ्रिजच्या बाबतीत मात्र मी तुमच्या मुलाच्या बाजूने झुकतो, आणि झिणझिण्या हे त्याचे एकमेव कारण नाही. टिकाऊपणा मोजताना आपण यंत्र किती वर्षे चालले एवढेच पाहतो; त्या वर्षांत त्याने काय खाल्ले हे पाहत नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या मध्यास नवा फ्रिज सरासरी वर्षाला सुमारे 1,800 युनिट वीज घेत असे; 2001 चे मानक लागू झाल्यावर, आकार वाढलेला असूनही, तोच आकडा 500 युनिटांच्या आसपास आला. तुमचा फ्रिज लहान असल्याने त्याचे आकडे एवढे मोठे नसतील, पण त्याच्या भिंतींतले, थंडावा धरून ठेवणाऱ्या फोमचे इन्सुलेशन पस्तीसहून अधिक वर्षांत ओल शोषून आणि फोममधला गॅस गमावून बरेच निकामी झालेले असणार. अंदाजावर भांडण्यापेक्षा मोजा. इलेक्ट्रिशियनने गळती दूर करून फ्रिज सुरक्षित ठरवला तर प्लग आणि सॉकेटच्या मध्ये बसणारा छोटा वीजमापक आठवडाभर लावा. मध्यम आकाराच्या चांगल्या नव्या फ्रिजला दिवसाला साधारण अर्धा ते एक युनिट पुरते. तुमचा आकडा दोनच्या वर आला तर वर्षाला किमान साडेतीनशे-चारशे युनिटांचा फरक पडतो आहे असे समजा, आणि तो फरक नव्या फ्रिजच्या किमतीशी ताडून पाहा. मोजण्यापूर्वी दाराचे रबर तेवढे पाहून घ्या : दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. पट्टी सहज निसटली तर तिथून थंडावा जातो आहे, आणि अशा दारासह मोजलेला आकडा फ्रिजवर अन्याय करणारा ठरेल.

जुन्या फ्रिजबद्दल बोलताना एक गोष्ट मला नेहमी आठवते आणि अस्वस्थ करते. पूर्वी फ्रिजच्या दाराला बाहेरून बसणारी कडी असे, ती आतून उघडत नसे, आणि टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपायला गेलेली मुले आत गुदमरून दगावली. अमेरिकेला त्यासाठी 1956 मध्ये कायदा करावा लागला, दार आतून उघडता आले पाहिजे असे बंधन आले, आणि आज आपण ज्या चुंबकाच्या रबराने दार लावतो ते सर्वत्र रूढ झाले. 'पूर्वीचे मजबूत होते' असे म्हणताना ती मजबूत कडीही त्यात होती, हे विसरता कामा नये.

फ्रिज काढायचे ठरले तर तो भंगारवाल्याला तसाच देऊ नका. त्या काळातल्या घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक करून आर-12 हा गॅस असे. पृथ्वीभोवतीच्या ओझोनचा नाश करणाऱ्या ज्या वायूंवर 1987 च्या मॉन्ट्रियल कराराने बंधने आणली, त्यांतला हा एक. शिवाय वातावरण तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पटींनी तीव्र आहे. भंगारात नळी कापली की सगळा गॅस क्षणात हवेत जातो. गॅस यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये काढून घेणारा परवानाधारक ई-कचरा संकलक शोधा आणि तसे लेखी घ्या. आणि जोवर तो घरात किंवा अंगणात पडून आहे तोवर त्याचे दार बिजागरीतून काढून ठेवा.

नवा फ्रिज घेताना किंवा पुढेमागे मशीन घ्यावे लागले तर दुकानात लखलखीत पडदा, मोबाइलवरून चालण्याची सोय आणि वीस प्रकारचे कार्यक्रम तुम्हाला दाखवले जातील. जितकी फंक्शन्स जास्त तितकी कार्डावरची गर्दी जास्त, हे ध्यानात ठेवा आणि रोज जी वापराल तेवढीच घ्या. 'मोटरवर दहा वर्षे वॉरंटी' ही पाटी पाहून हुरळून जाऊ नका, कारण हल्लीची ब्रश नसलेली मोटर एरवीही सहसा जात नाही. जे जाते त्या कार्डावर किती वर्षांची वॉरंटी आहे ते विचारा आणि उत्तर बिलावर लिहून मागा. वॉशिंग मशीनचा बाहेरचा टब स्क्रूंनी जोडलेला आहे की वेल्ड केलेला, हा प्रश्न विक्रेत्याला बहुधा कळणार नाही. तो दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकला विचारा, त्याला प्रत्येक मॉडेल आतून ठाऊक असते. खरे तर खरेदीला निघण्याआधी अशा एखाद्या मेकॅनिकशी अर्धा तास बोलणे हा मला माहीत असलेला सर्वांत चांगला मार्ग आहे, आणि कोणते मशीन त्याच्याकडे वारंवार येते यापेक्षा कोणत्या मशीनचे सुटे भाग त्याला सहज मिळतात, हे त्याला विचारावे.

सुट्या भागांचा हा मुद्दा आता कायद्यातही आला आहे. युरोपीय संघात 1 मार्च 2021 पासून वॉशिंग मशीनच्या उत्पादकाला मोटर, पंप, बेअरिंग यांसारखे भाग किमान 10 वर्षे आणि फ्रिजच्या उत्पादकाला थर्मोस्टॅट, सेन्सर व कार्ड किमान 7 वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. फ्रिजच्या दाराच्या रबरासाठी ही मुदत 10 वर्षांची आहे. फ्रान्समध्ये त्याच वर्षाच्या जानेवारीपासून काही उपकरणांवर ती दुरुस्त करणे किती सोपे आहे याचे 10 पैकी गुण छापावे लागतात. तुम्ही दुसऱ्या देशात राहत असाल तरी याचा उपयोग असा की, तेच मॉडेल तिकडे विकले जात असेल तर त्याचे भाग बनत राहणार हे कळते.

राहिला मिक्सर. तो मुळीच टाकू नका. फ्रिज चोवीस तास वीज घेतो, मिक्सर दिवसातून दहा मिनिटे. त्यामुळे जुन्या मिक्सरवर वीज खाण्याचा आरोप टिकत नाही. माझ्या आईचा मिक्सर मी मागच्या वर्षी उघडला होता. तळाचे चार स्क्रू काढले, दोन्ही बाजूंची बुचे फिरवून सोडली, तेव्हा एका बाजूच्या स्प्रिंगच्या टोकाला कार्बनचा तुकडा नखाएवढा उरला होता, दुसऱ्या बाजूचा तर तिरका झिजून अर्धा झाला होता, आणि आत सगळीकडे काजळीसारखी काळी भुकटी बसली होती. ठिणग्या आणि जळका वास त्यामुळेच येत होता. मोटरचे वाइंडिंग मात्र नवे असावे तसे चकचकीत होते. ज्या मोटरचा झिजणारा भाग झिजण्यासाठीच बनवला आहे आणि बाहेरून नाण्याने फिरवून बदलता येतो, ती मोटर बनवणाऱ्याने तुमच्या पुढच्या तीस वर्षांचा विचार केला होता, एवढे श्रेय मी सासूबाईंच्या पिढीच्या वस्तूंना आनंदाने देतो.

तुमच्या मिक्सरचेही कार्बन ब्रश बदला. जुना ब्रश बरोबर नेऊन त्याच मापाची जोडी घ्या आणि एक झिजला असला तरी दोन्ही बदला. मिक्सर उघडाल तेव्हा प्लग काढलेला असू द्या. मोटरच्या तांब्याच्या कड्यावर काळा थर असेल तर तो बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसा आणि दोन तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचांतली भुकटी कोरड्या ब्रशने झाडून टाका. वायरचे रबर तडकले असेल तर वायरही बदला आणि तिला तीन पिनांचा प्लग लावा. नवे कार्बन कड्याच्या गोलाईला लगेच बसत नाहीत, म्हणून पहिली काही मिनिटे भांडे न लावता, सर्वांत कमी वेगावर, अधूनमधून थांबत मिक्सर मोकळा चालवा; थोड्या ठिणग्या दिसतील, त्या कमी होत गेल्या की मग भांडे लावा.